ताईंचं वाक्य, मावशींचा प्रश्न

गुरुग्राम
१२ एप्रिल २०२६

आदरणीय चंद्रप्रभा मावशींना,
नमस्कार.

काल जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवर तीन माणसं आली: माझी फ्लॅटमेट उत्तरा हिचे वडील गुलाबराव, तिचा भाऊ जयदीप आणि त्यांच्या तालुक्याच्या ठाण्यातला एक हवालदार.

२. हवालदाराकडे मुलगी हरवल्याची तक्रार होती. उत्तरा हरवलेली नाही. ती सत्तावीस वर्षांची आहे, इथल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे आणि दर रविवारी आईशी फोनवर बोलते.

३. गार्डने त्यांना वर सोडलं नाही. आम्ही दोघी खाली गेलो.

४. हवालदाराने उत्तराला प्रश्न विचारले. उत्तरं जयदीपने दिली.

५. उत्तरा म्हणाली, "मी माझ्या मर्जीने इथे राहते." हे कुणी लिहून घेतलं नाही. "घरचा मामला आहे, घरी जाऊन बोला," असं हवालदार म्हणाला.

६. जयदीपने तिचा हात धरला. मी तिचा दुसरा हात धरला. गार्ड मध्ये पडला.

७. जाताना गुलाबराव म्हणाले, "आमच्या ताईंनी विधानसभेत सांगितलंय, असल्या मुलींना सरकारी वसतिगृहात एक खाटही मिळता कामा नये." पुढच्या वेळी ते अपहरणाची तक्रार घेऊन येणार आहेत. तिच्यात माझं नाव असेल.

८. ताई म्हणजे तुम्ही.

आपण दोनदा भेटलो आहोत, दोन्ही वेळा लग्नात. तुम्ही आईच्या मामेबहीण, आधी आमदार होतात, मग उच्च न्यायालयात न्यायाधीश झालात, एवढंच मला माहीत होतं. काल मी शोधलं तेव्हा दोन गोष्टी मिळाल्या. एक, १९९८ सालचं तुमचं भाषण. ते वाक्य गुलाबरावांनी शब्दशः सांगितलं होतं. दुसरी, २०१९ सालचा तुमचा निकाल. त्यात अशाच एका मुलीला तिच्या मैत्रिणीबरोबर जायला तुम्ही मोकळीक दिलीत.

माझी विनंती अशी आहे, की तुम्ही तिथल्या पोलीस अधीक्षकांना एक फोन करावा. तुमचा शब्द तिथे अजून मानतात.

आई-बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नये.

आपली,
देविका


नाशिक
१७ एप्रिल २०२६

चि. देविका,
अनेक आशीर्वाद.

फोन करणार नाही.

आमदार होते तेव्हा रोज सकाळी माझ्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलाची बदली. मी चहा पीत पीत दहा ठिकाणी फोन लावायची. न्यायाधीश झाले त्या दिवशी ते बंद केलं. निवृत्त न्यायाधीशाचा फोन हा फोन नसतो गं, दमदाटी असते. आज ती तुझ्या उपयोगी पडेल. उद्या माझ्यासारखाच कुणी जयदीपसाठी फोन उचलील, तेव्हा तू काय म्हणशील?

आता कुठल्याही वकिलाने सांगावं ते सांगते. उत्तराने स्वतःच्या हाताने अर्ज लिहावा: मी सज्ञान आहे, इथे राहते, माझ्या मर्जीने राहते. तो तुमच्या भागातल्या ठाण्यात द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत तालुक्याच्या ठाण्याला रजिस्टरने पाठवावी. अर्ज तू लिहायचा नाहीस. तू हुशार आहेस, तुला मोह होईल. तुझ्या एवढ्या मुद्देसूद पत्रात उत्तराचं स्वतःचं वाक्य एकच आहे, बाकी सगळं तू बोलली आहेस. जयदीपने तरी दुसरं काय केलं?

आणखी एक. क्रमांक सहा पुन्हा वाच. फ्लॅटमेटचा हात कुणी असा धरत नाही. उद्या शपथपत्र करायची वेळ आली तर कुठला शब्द लिहिशील, ते आजच ठरव. चुकीच्या शब्दावर उभं राहिलेलं प्रकरण पहिल्याच उलटतपासणीत कोसळतं.

तुझ्या आईला, अरुणाला, मी काही सांगणार नाही. ते तुझं काम आहे, आणि ते तुला टळणार नाही.

तुझी मावशी,
चंद्रप्रभा


गुरुग्राम
२२ एप्रिल २०२६

आदरणीय मावशी,
नमस्कार.

तुमचं पत्र मला आधी नकार वाटलं. उत्तराने ते माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि हसली. "तुझी मावशी तुझ्यासारखीच आहे, यार. आधी झापते, मग काम सांगते."

अर्ज तिनेच लिहिला. मी दुसऱ्या खोलीत बसले होते. अर्ज चार ओळींचा झाला. मी लिहिला असता तर दोन पानं झाली असती. ठाण्यातल्या महिला हवालदाराने नाव-गाव वाचून विचारलं, "आप पानीपत वाले मराठे हो क्या?" आम्ही नाही म्हटलं. "चलो कोई ना, काला अंब तो गए होगे," असं पानिपतच्या युद्धस्मारकाबद्दल म्हणत तिने शिक्का मारून दिला. दोन वाक्यांत काम झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

दुरुस्ती: मागच्या पत्रातल्या क्रमांक १ मध्ये 'फ्लॅटमेट' हा शब्द चुकीचा आहे. उत्तरा आणि मी तीन वर्षांपासून जोडपं म्हणून राहतो. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी उंच इमारतींच्या लिफ्ट तपासते. लोकांना वाटतं, की वीज गेली की लिफ्ट खाली पडेल. प्रत्यक्षात उलट आहे. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने कायम लागलेलाच असतो. तो उघडा ठेवायला वीज लागते. माझंही बरंचसं तसं आहे. वरचं वाक्य लिहायला बरीच वीज लागली.

तुमचा निकाल मी आता पूर्ण वाचला. तीन पानं. एकही विशेषण नाही. 'मुलीला खाजगीत विचारले. तिने कुठे जायचे ते सांगितले. ती सज्ञान आहे. ती तेथे जाईल.' आणि त्याच्या वरच्या परिच्छेदात, समोरच्या वकिलांनी तुमचं १९९८ चं भाषण कोर्टात वाचून दाखवल्याची नोंद आहे. अख्खं भाषण, अवतरण चिन्हांत, तुमच्याच निकालात. ते वगळलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

माझ्या कामात मी लोकांना चुका लपवताना बघते. सर्व्हिसची तारीख बदलतात, जळालेली वायर कापून नेतात. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने कायमचा जोडून ठेवणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

पण मग मला विचारायचं आहे. त्या दोघींपैकी तुम्ही कोण? भाषण करणाऱ्या की निकाल देणाऱ्या?

देविका

ता. क. मावशी, मी उत्तरा. देविका हे लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. आमच्या घरी देवघराशेजारी तुमचा फोटो आहे, पपांबरोबर, प्रचाराच्या जीपवर उभं असतानाचा. मी लहानपणी तुमच्यासारखं बोलायची नक्कल करायचे. ते वाक्यसुद्धा. मला टाळ्या मिळायच्या.


नाशिक
४ मे २०२६

चि. देविका आणि चि. उत्तरा,
आशीर्वाद.

उत्तराचा ताजा कलम वाचून पत्र बाजूला ठेवलं, ते इतक्या दिवसांनी उचलते आहे.

भाषणाचं सांगते. तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. तिथल्या दोन मुलींबद्दल तक्रार आली. आणली कार्यकर्त्यांनीच, गुलाबराव त्यांत होते. मी मुलींना भेटले नाही. सभागृहात उभी राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, जिथे नवरा नाही, मूल नाही, त्याला घर म्हणायचं, तर उद्या घराला काय म्हणायचं? असल्या मुलींना सरकारी वसतिगृहात एक खाटही मिळता कामा नये." बाकं वाजली. वर्तमानपत्रात चौकट आली. त्याच आठवड्यात मुलींना बाहेर काढलं. पुढच्या निवडणुकीत मी तरीही पडले, तो भाग लोक विसरतात. परत काळा कोट चढवला.

कोर्टातलं सांगते. मुलीच्या वडिलांचे वकील माझे जुने परिचित. त्यांनी भाषण काढून वाचायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब सरळ होता: मी खूश तरी होईन, नाहीतर लाजून प्रकरण दुसऱ्या पीठाकडे पाठवीन. शेजारी बसलेल्या न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा सभ्यपणा मला पुन्हा भेटला नाही. टंकलेखकाचा हात थांबला, तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "लिहा. एक शब्द गाळू नका." वाचून झाल्यावर वकिलांना विचारलं, "हा कायदा आहे का?" ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "मग पुढे चला."

मुलीला आम्ही चेंबरमध्ये बोलावलं. अशा प्रकरणात तीच रीत आहे. आई-बाप बाहेर, वकील बाहेर. माझ्या मनात तिला विचारायचे वीसेक प्रश्न होते. कधीपासून, का, लग्नाचं काय, पुढे काय. सगळे ओठांपर्यंत आले आणि लक्षात आलं, की यातला एकही कायद्याचा नाही, सगळे त्या भाषणातल्या बाईचे आहेत. मग एकच विचारला. तुला कुठे जायचंय? आणि गप्प बसले. त्यानंतर गप्प बसणं हेच काम होतं.

तू विचारतेस मी कोण. आमदार असताना मला मतदारांना वाटायचं ते वाटायचं. न्यायाधीश असताना कायद्याला वाटतं ते. या दोन नोकऱ्यांच्या मधोमध चंद्रप्रभाला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही आणि मीही चौकशी केली नाही. माफीचं म्हणशील, तर ती ज्यांची मागायची त्या दोन मुली कुठे गेल्या मला ठाऊक नाही. ती तुमच्याकडे मागून मी मोकळी होणार नाही.

इथपर्यंत पत्र शनिवारी लिहिलं होतं. आज पुढे लिहायचं कारण, आज सकाळी गुलाबराव आले होते.

शाल, नारळ, अगदी पूर्वीसारखं. ओट्यावरच बसले, आत येईनात. म्हणाले, "ताई, पोरीने पोलिसात उलटा अर्ज दिलाय. तुम्ही एक फोन करा." मग ते वाक्य त्यांनी मला म्हणून दाखवलं. डोळे मिटून, माणूस आरती म्हणतो तसं. माझा आवाज, माझा श्वास घ्यायची जागा, सगळं जसंच्या तसं. वकिलांनी वाचलं तेव्हा मला काही झालं नव्हतं. आज मी खांबाला धरलं.

मी त्यांना म्हटलं, "गुलाबराव, फोन तुम्हालाही मिळणार नाही. पण तुमच्याबरोबर येते. मतदाराची अडचण असेल तिथे सोबत जायचं, हे आमदाराचं काम आहे, आणि तेवढं मला अजून येतं. एक अट. तिथे माझ्या पद्धतीने चालेल." ते तयार झाले. त्यांना वाटतंय मी त्यांच्या बाजूने येते आहे. मी त्यांना तसं सांगितलं नाही, उलट तसं नाही असंही सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

शनिवारी, १६ मे रोजी, दिल्लीत पोचतो. अरुणाकडे सरोजिनी नगरला उतरेन. तिला अंधारात ठेवून मी तिच्या हातचं जेवणार नाही. त्याआधी तू तिला सांगायचंस.

मावशी


गुरुग्राम
१० मे २०२६

आदरणीय मावशी,
नमस्कार.

सांगितलं. आज दुपारी सरोजिनी नगरला गेले, उत्तराला न घेता. आईने श्रीखंड केलं होतं. मी जेवणाआधी सांगितलं, कारण नंतर सांगितलं असतं तर तुमच्या भाषेत ते अंधारात ठेवून जेवणं झालं असतं.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या सोसायटीत हे रेकॉर्डवर कुठे आलंय का?" बत्तीस वर्षं दिल्लीतल्या मंत्रालयात काढल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार. आई म्हणाली, "शशिकांत, तुम्ही गप्प बसा." मग तिने मला विचारलं, "म्हणजे मी उत्तरासाठी स्थळ बघत होते, तेव्हा तुम्ही दोघी माझ्यावर हसत होता?" मी म्हटलं, नाही. ते खरं आहे. आम्ही घाबरत होतो.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. निघताना तिने माझ्या हातात श्रीखंडाचा डबा दिला. नेहमी ती म्हणते, "उत्तरालाही दे." आज काही म्हणाली नाही. पण डबा नेहमीचाच, मोठा होता. याचा अर्थ मी लावत नाही. नंतर तिने फोन करून एवढंच विचारलं, की प्रभाताईला रात्री पोळी चालते का भाकरी लागते.

गुलाबराव आणि जयदीप दोघं येणार असतील, तर मला एक सांगा: ती तुमच्यासमोर 'जाते' म्हणाली, दबावाखाली, तर तुम्ही तिला जाऊ द्याल का? माझ्या मते तिचं उत्तर काय असेल ते मला माहीत आहे. तरी खात्री हवी.

देविका


नाशिक
२१ मे २०२६

चि. देविका,
आशीर्वाद.

तुझ्या दहा तारखेच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याचं उत्तर 'हो' होतं आणि ते लिहून पाठवलं असतं तर तू मला येऊ दिलं नसतंस.

परतीच्या गाडीत गुलाबराव भुसावळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. जयदीप वरच्या बर्थवर मोबाइल बघत पडून राहिला. भुसावळला गुलाबरावांनी मला केळी आणून दिली. म्हणाले, "ताई, त्या वसतिगृहातल्या पोरींना तुम्ही तेव्हा असंच विचारलं असतंत, तर आम्ही ते वाक्य पाठच केलं नसतं." मी केळं सोललं आणि ते खायचं राहून गेलं. अपहरणाची तक्रार करणार की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी बारा वर्षं निकाल दिले. निकालानंतर पायरी उतरून माणसं कुठे गेली, त्यांचं काय झालं, ते मला कधी कळलं नाही. न्यायाधीशाने विचारायचंही नसतं. आता मी कुणी नाही, म्हणून विचारते. त्या शनिवारी तुला काय दिसलं? पुढे काय झालं? तुझ्या पद्धतीने लिही. क्रमांक घातलेस तरी चालेल.

मावशी


गुरुग्राम
३० मे २०२६

आदरणीय मावशी,
नमस्कार.

क्रमांक घालत नाही. एकदा घालून पाहिले, ते बसेनात.

तुम्ही बसल्या बसल्या खोलीचं कोर्ट केलंत, आणि तेही कुणाला न दुखवता. आईने चहा आणला, तुम्ही सगळ्यांच्या हातात कप जाईपर्यंत हवापाण्याच्या गोष्टी केल्यात. गुलाबराव पंख्याखाली बसायला संकोचत होते, त्यांना तिथे बसवलंत. मग कप खाली ठेवून म्हणालात, "आता उत्तराचं बोलणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. अरुणा, तू नाही. शशिकांतराव, तुम्ही नाही. देविका, तू तर मुळीच नाही."

जयदीप म्हणाला, "ताई, पण ऐका ना..."

"जयदीप, तुझी पाळी आली की सांगेन. येईलच असं नाही."

बाबा हसले आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "उत्तरा, तुला कुठे जायचंय?"

ती बोलेना. मी तुमच्याकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघण्याची मला हिंमत नव्हती. तुम्ही तिला धीर दिला नाहीत, मान हलवली नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत. आत कुकरची शिट्टी झाली. आईने उठायच्या आधी तुमच्याकडे बघून परवानगी घेतली. स्वतःच्या घरात! तुम्ही पापण्या मिटल्यात, ती गॅस बंद करून आली, आणि ती शांतता जिथे होती तिथून पुढे सुरू झाली.

उत्तरा म्हणाली, "आईकडे जायचंय."

जयदीप उठून उभा राहिला. गुलाबरावांनी डोळे पुसले. मला तोंड उघडायचं होतं. तुम्ही नुसतं एक बोट वर केलंत, कुणाकडेही न बघता, आणि आम्ही तिघंही जिथे होतो तिथे थांबलो. तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाहीत. दुसऱ्या कुणीही विचारला असता: "म्हणजे इथे राहायचं नाही का?" मी तर नक्कीच. आणि तिला हो-नाही यातलं एक निवडावं लागलं असतं.

तुम्ही थांबलात. मग ती म्हणाली, "आणि परत यायचंय. इथे, देविकाकडे. मला दोन्ही करायचंय. एकदा गेले तर परत येऊ देणार नाहीत, म्हणून मी तीन वर्षं आईला पाहिलेलं नाही."

मावशी, तीन वर्षं आम्ही एका घरात राहतो. दर रविवारी फोन झाल्यावर ती बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घालते, कपडे नसले तरी दोरी पुसते. मी ते पाहत होते. मला वाटायचं, तिकडचं सगळं तिने मागे टाकलं आहे. मी तिला हा प्रश्न कधी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चालले होते. तुम्हाला मी तसं लिहिलंसुद्धा होतं. तुम्ही तिला ओळखतही नव्हतात. तरी त्या खोलीत तिचं पूर्ण उत्तर बाहेर येईल एवढी जागा फक्त तुम्ही ठेवलीत.

मी यंत्रांच्या बाबतीत कधीकधी अशी स्तब्ध होते. चाळीस मजले खाली सोडलेलं वजन नेमकं हवं तिथे थांबतं, तेव्हा. माणसाच्या बाबतीत ही पहिलीच वेळ.

त्यानंतर गुलाबरावांनी तुम्हाला विचारलं, "मग ताई, तुमचं तेव्हाचं खरं का आत्ताचं?"

तुम्ही म्हणालात, "तेव्हा तुम्हाला विचारून बोलले होते, गुलाबराव. आज हिला विचारलं."

"मतं आम्ही दिली होती, ताई."

"दिली होती. म्हणून तर आले."

ते कुठल्या आवाजात म्हणालात ते मला लिहिता येत नाही. गुलाबराव उठले, उत्तराच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशा बेतात थोडे थांबले आणि न ठेवता खाली गेले. एवढं मला दिसलं. नंतर आम्ही निघताना आईने उत्तराला म्हटलं, "तू आता जेवूनच जा." माझं नाव घेतलं नाही, पण पानं दोन मांडली.

पुढे काय झालं ते आता.

अपहरणाची तक्रार अजून झालेली नाही. हरवल्याची तक्रार गुलाबरावांनी मागे घेतली. तसं ठाण्यातून उत्तराला कळवलं आहे.

गेल्या रविवारी उत्तराच्या आईचा, भीमाबाईंचा फोन आला. सध्या अधिक महिना चालू आहे. या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलावून, जेवू घालून, तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे मला उत्तराने समजावून सांगितलं. दिल्लीत वाढल्यामुळे मला ते माहीत नव्हतं. शेजारणींच्या लेकी-जावई येऊन जात आहेत. भीमाबाईंनी तांदूळ भिजत घातले आहेत. त्या उत्तराला म्हणाल्या, "तू ये. तिलाही आण. ताट दोघी मिळून धरा." नंतर थोडं थांबून म्हणाल्या, "असं चालतं का, ते मला माहीत नाही बाई. तुझ्या पपांना विचारलं, तर ते म्हणतात ताई समोर बसल्या तर मी नाही म्हणणार नाही."

जयदीप काय म्हणतो ते त्यांनी सांगितलं नाही. गावातले काय करतील तेही माहीत नाही. आम्ही गेलो तर परत निघू दिलं जाईल, याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही. उत्तराला जायचं आहे. मी या वेळी विचारलं, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबले. मलाही तिच्याबरोबर जायचं आहे.

म्हणून ही विनंती. शनिवार, १३ जून रोजी दुपारी तुम्ही गुलाबरावांच्या घरी येऊन आमच्यासमोर बसाल का? तिथे निकाल द्यायचा नाही आणि कुणाची समजूतही घालायची नाही. भीमाबाई ताट देतील, आम्ही दोघी ते घेऊ. तुम्ही असाल तर मावशी म्हणून असाल. असं तुम्ही याआधी कुठे बसल्या आहात का, मला माहीत नाही. यायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं आहे, आणि 'नाही' आलं तर मी कारण विचारणार नाही.

तिकिटं तुमचं उत्तर आल्यावर काढू. कृपया सोमवार, ८ जूनपर्यंत कळवावं.

आपली,
देविका